लेव्हल पार झाल्या, मग लूप का लिहिता येईना?

नागपूरहून एका प्राध्यापिकेचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"मी एका कॉलेजात बीसीसीए या वाणिज्य-संगणकाच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. साठ मुलं, तीस-तीसच्या दोन बॅच, आणि लॅबमध्ये चालू स्थितीतले संगणक पंधरा. निम्मी मुलं उमरेड, काटोल, कुहीकडून रोज जाणं-येणं करतात. बहुतेकांचं शिक्षण मराठी माध्यमातलं, घरी संगणक अगदी मोजक्यांकडे. लूप, म्हणजे संगणकाला तीच सूचना पुन्हा पुन्हा करायला लावणं, सुरू झालं की चेहरे उतरतात. म्हणून यंदा ब्राउझरवर चालणारा एक कोडिंगचा खेळ लावला. ठोकळे जोडून रोबोटला सूचना द्यायच्या आणि पुढच्या लेव्हलला जायचं. दोन आठवडे लॅब नुसती गजबजली होती, बहुतेकांनी सगळ्या लेव्हल पार केल्या. मग सेशनलला, म्हणजे कॉलेजातल्या अंतर्गत परीक्षेला, '१ ते १० ची बेरीज करणारा प्रोग्राम लिहा' असं विचारलं, तर निम्मे पेपर कोरे. एक मुलगा म्हणाला, 'मॅडम, गेममध्ये तर जमून राहिलं होतं, पेपरात कुठं गेलं समजत नाही.' आमचे विभागप्रमुख, एचओडी सर, म्हणतात खेळ बंद करा, सिलॅबस संपवा. दोन पालकांनी विचारलं, घरी मोबाइलवर गेम आणि कॉलेजातही गेमच का? काही मुली तर सुरुवातीपासूनच मागे बसून राहिल्या. खेळ सोडून द्यावेत का? आणि जाता जाता, सातवीतल्या भाच्याला उन्हाळ्याच्या सुट्टीत काय शिकवू?"

मॅडम,

खेळ सोडू नका. हा खेळ मात्र आता थांबवा. त्याच्याकडून जे मिळायचं होतं ते बहुधा पहिल्या आठवड्यातच मिळून गेलं. मुलांची भीती गेली. सूचना एकामागून एक द्यायच्या असतात आणि संगणक त्या जशाच्या तशा पाळतो, हे त्यांना कळलं. कॉलेजात येईपर्यंत कीबोर्डला हातही न लावलेल्या मुलासाठी ही लहान गोष्ट नाही, तेव्हा ते दोन आठवडे वाया गेले असं मनात आणू नका. पण त्यापुढचं शिकवणं त्या खेळाच्या आवाक्यात नव्हतं आणि सेशनलला तुम्ही नेमकं त्यापुढचं विचारलंत.

जरा बारकाईनं बघू. रोबोटच्या खेळात 'पुन्हा कर' असा ठोकळा असतो. तो चार वेळा फिरला की रोबोट चार पावलं जातो. दर फेरीला तीच सूचना आणि तेवढंच पाऊल. १ ते १० च्या बेरजेत तसं नसतं. तिथे दोन गोष्टी एकाच वेळी बदलत असतात. मोजणीचा आकडा एकानं वाढतो आणि बेरीज त्या आकड्यानं वाढते. मागच्या फेरीत जे साठलं ते पुढच्या फेरीसाठी जपून ठेवायचं असतं, आणि त्यासाठी व्हेरिएबल, म्हणजे बदलता आकडा साठवणारा नाव दिलेला खण, लागतं. तुमच्या मुलांनी त्या दोन आठवड्यांत स्वतः नाव दिलेलं एकही व्हेरिएबल पाहिलं नव्हतं. शिवाय चूक की बरोबर हे ठरवण्याचं काम खेळच करत होता. समोर पाच-सहा ठोकळे असले की ते अदलाबदल करत राहिलं तरी कधी ना कधी लेव्हल पार होते. कोरा कागद असं काही सांगत नाही. तो मुलगा खोटं बोलत नव्हता, त्याला गेममध्ये खरंच जमत होतं. जे जमत होतं ते वेगळं होतं, एवढंच.

खेळातून प्रोग्रामिंग शिकवण्याची कल्पना काही आजकालची नाही, आणि एचओडी सरांशी बोलताना हे हाताशी असू द्या. सेमूर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी अमेरिकेत १९६७ साली लोगो ही भाषा तयार केली, ती मुलांसाठीच. पुढे त्यातलं कासव जगभर माहीत झालं. त्याला 'पुढे १००, उजवीकडे ९०' असं सांगितलं की ते रेघ ओढत जातं. १९८१ साली रिचर्ड पॅटिस यांनी स्टॅनफर्डमध्ये कॅरल नावाचा रोबोट आणला, तोही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कॅरलला डावीकडे वळता येतं, उजवीकडे वळायची आज्ञाच दिलेली नाही. उजवीकडे वळायचं असेल तर विद्यार्थ्यानं तीनदा डावीकडे वळणारी आज्ञा स्वतः लिहायची आणि तिला नाव द्यायचं. फंक्शन म्हणजे काय, हे व्याख्या न सांगता शिकवण्याचा इतका सरळ रस्ता मला दुसरा माहीत नाही. या दोन्हींमध्ये विद्यार्थी लिहितो. पार करायला दुसऱ्या कुणी रचलेली लेव्हल हा त्यांचा गाभा नाही.

म्हणून माझं सांगणं असं की मुलांना खेळ खेळायला लावू नका, लिहायला लावा. आणि खेळ असा निवडा की जो वर्गातल्या प्रत्येकाला लहानपणापासून तोंडपाठ आहे, म्हणजे सापशिडी.

यामागचं कारण नीट सांगते, कारण एचओडी सरांना पटवायचं असेल तर तेच सांगावं लागेल. खेळानं मजा येते, मुलं रमतात, हे खरं आहे. पण मजा दोन आठवड्यांत ओसरते. टिकणारा फायदा वेगळाच आहे. ओळखीच्या खेळात बरोबर काय ते मुलाला आधीच ठाऊक असतं. संख्या मूळ आहे की नाही हे सांगणारा प्रोग्राम घ्या. एखाद्याचा प्रोग्राम ९१ ही मूळ संख्या आहे म्हणाला, तर अर्धा वर्ग मान डोलावेल. ९१ म्हणजे ७ गुणिले १३ हे कुणाच्या लक्षात येतं? चूक स्क्रीनवर समोर असते आणि तरी दिसत नाही. तुम्ही फिरत फिरत त्याच्या संगणकापाशी पोचाल तेव्हाच ती सापडेल, आणि तीस मुलांत तुम्ही किती ठिकाणी पोचणार? सापशिडीत मात्र पहिल्याच फाशाला 'तुम्ही जिंकलात' असं आलं, तर शेजारचाही ओरडतो.

आणि असं होतंच. मुलं अटीमध्ये दोन बरोबर-चिन्हांऐवजी एकच देतात. मग 'घर १०० आहे का?' असं विचारायच्या जागी 'घर १०० कर' अशी आज्ञा होते. १०० हा आकडा शून्य नाही, म्हणून सी ती अट खरी धरते आणि पहिल्याच फाशाला सोंगटी शंभरावर. सी चा प्रोग्राम तपासून चालवणारं टर्बो सी 'पॉसिबली इनकरेक्ट असाइनमेंट' एवढी वॉर्निंग देतं, पण वॉर्निंग कोण वाचतं? ही चूक फळ्यावर कितीदा सांगितली तरी मुलं ती करतात. एकदा सापशिडीत केली की मात्र लक्षात राहते, कारण काय बिघडलं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

फाशाचंही तसंच. रँड हे कुठलाही आकडा काढून देणारं फंक्शन वापरून फासा टाकला, सहानं भागून बाकी घेतली, त्यात एक मिळवला, झालं. तिसऱ्यांदा प्रोग्राम चालवल्यावर कुणीतरी म्हणतंच, 'मॅडम, दरवेळी तेच आकडे पडून राहिले.' एसरँड वापरून बीज, म्हणजे सुरुवातीचा आकडा, दिलं नाही तर सी दरवेळी एकाच बीजापासून सुरुवात करते, म्हणून फासे त्याच क्रमानं पडतात. हे आधी सांगू नका. मुलांना ते सापडू द्या, मग वेळेपासून बीज कसं द्यायचं ते दाखवा. लॅबमध्ये टर्बो सी असेल तर त्यात हेच काम करणारं रँडमाइज आहेच.

आता त्या १ ते १० च्या बेरजेकडे येऊ, कारण सगळं घोडं तिथेच अडलं आहे.

पुढच्या तासाला, लॅबमध्ये नाही तर वर्गातच, खरा सापशिडीचा पट घेऊन जा. सापांकडे आणि शिड्यांकडे आत्ता दुर्लक्ष करा. फळ्यावर तीन रकाने आखा: फेरी, फासा, घर. घराच्या रकान्यात सगळ्यात वर ० लिहा, कारण सोंगटी अजून पटाबाहेर आहे. एका मुलाला फासा टाकायला सांगा, दुसऱ्याला फळ्यावर लिहायला. ४ पडले, घर ४. मग ६ पडले, घर १०. मग १, घर ११. मुलं न विचारता आधीचं घर अधिक फासा असं करत जातील. करू द्या. मग त्यांना विचारा की आत्ता तुम्ही दर वेळी काय केलंत ते एका ओळीत सांगा. 'घर बरोबर घर अधिक फासा' ही ओळ वर्गातूनच आली पाहिजे. सी शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे की या ओळीपाशी निम्मी मुलं बिचकतात, कारण गणितात घर बरोबर घर अधिक चार हे अशक्य असतं. इथे मात्र सोंगटी त्यांच्या डोळ्यांसमोर हललेली आहे.

मग फासा बाजूला ठेवा. म्हणा, आता आपल्याकडे एक वेगळा फासा आहे. तो पहिल्या फेरीत १ देतो, दुसऱ्या फेरीत २, तिसऱ्या फेरीत ३, असं दहाव्या फेरीपर्यंत. सोंगटी कुठे पोचेल? फळ्यावरचा तक्ता पुन्हा भरायला लावा. १, ३, ६, १०, १५, असं करत सोंगटी ५५ वर येते. आता 'घर बरोबर घर अधिक फासा' या ओळीचा छोटा प्रोग्राम फळ्यावर लिहा आणि तोच, फक्त फासा या शब्दाच्या जागी आय आणि घर या शब्दाच्या जागी बेरीज लिहून शेजारी उतरवा. सेशनलला ज्याचा पेपर कोरा होता त्यालाच फळ्यापाशी बोलवून हे लिहायला सांगा.

खेळापासून पेपरापर्यंतची ही वाट मुलं आपोआप चालत नाहीत, आणि तुमच्या पत्रात मला नेमकी तीच जागा रिकामी दिसली. खेळात आलं म्हणजे पेपरात येईलच, असं आपण गृहीत धरतो. ते येत नाही. दोन्ही प्रोग्राम शेजारी-शेजारी ठेवून, काय तेच राहिलं आणि काय बदललं, हे प्रत्येक वेळी बोलून दाखवावं लागतं. त्याला वेळ लागतो. तो वेळ काढा, हवं तर खेळातला काढा.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी एक छोटी गोष्ट. सी मध्ये व्हेरिएबलचं नाव रोमन अक्षरांत लिहावं लागतं, पण शब्द इंग्रजीच हवा असा काही नियम नाही. मुलांना रोमनमध्ये 'घर' आणि 'फासा' लिहू द्या. इफ, व्हाइल, इंट हे भाषेचे शब्द कुठले आणि आपण ठेवलेली नावं कुठली, हा फरक त्यामुळे एका नजरेत दिसतो. इंग्रजी नावांच्या गर्दीत तो दिसत नाही आणि मुलं सगळाच प्रोग्राम मंत्रासारखा पाठ करतात.

साप आणि शिड्या पुढच्या लॅबला आणा. पहिल्यांदा मुलं इफवर इफ लिहितील. घर ४ असेल तर २५ कर, घर ९९ असेल तर ४१ कर, अशी रांगच्या रांग. लिहू द्या, दहा-बारा इफ लिहून हात दुखले पाहिजेत. मग अ‍ॅरे सांगा. घरांइतके खण, ज्या घरावर साप किंवा शिडी आहे त्याच्या खणात जिथे जायचं तो आकडा, बाकी खणांत शून्य. खण शून्य नसेल तर सोंगटी तिकडे न्यायची. बारा इफची जागा एक इफ घेतं आणि अ‍ॅरे कशासाठी असतो हे परत सांगावं लागत नाही. अ‍ॅरे १०० चा घ्यायचा की १०१ चा, यावर वर्गात भांडण होईल. होऊ द्या, फार चांगलं भांडण आहे ते. खणांची मोजणी शून्यापासून होते, त्यामुळे १०० चा अ‍ॅरे ९९ व्या खणापाशी संपतो, आणि पलीकडे हात घातला तरी सी तक्रार करत नाही.

हुशार मुलं पुढे निघून जातील. त्यांना सांगा की साप-शिड्या काढून टाका आणि प्रोग्रामला हाच खेळ दहा हजार वेळा खेळू द्या. शंभरी गाठायला किंवा ओलांडायला सरासरी किती फासे लागतात ते काढा. फाशाची सरासरी ३.५, म्हणून उत्तर २९ च्या आसपास येतं. मग साप-शिड्या परत घाला आणि आकडा कुठे सरकतो ते बघा. यात त्यांचे दोन तास सहज जातील आणि तेवढा वेळ तुम्हाला मागे राहिलेल्यांसाठी मिळेल.

सापशिडीच्या आधी एखादा हलका खेळ हवा असेल तर संख्या ओळखण्याचा घ्या. संगणकानं १ ते १०० मधली एक संख्या मनात धरायची, मुलानं ओळखायची, संगणकानं 'मोठी' किंवा 'लहान' एवढंच सांगायचं. दरवेळी मधोमध तोडत गेलं तर सात प्रयत्नांत संख्या सापडतेच, कारण दोनचा सातवा घात १२८ आहे. हजारासाठी दहा पुरतात, दहा लाखांसाठी वीस. हे मुलांना खरं वाटत नाही, करून पाहिल्यावर वाटतं. याच खेळात आणखी एक चूक ठरलेली. शेवटी 'पुन्हा खेळायचं का, हो की नाही' असं एक अक्षर वाचायला स्कॅनएफ दिलं की प्रोग्राम उत्तराची वाटच बघत नाही, सरळ पुढे जातो. आधीच्या आकड्यानंतर दाबलेला एंटर तिथेच पडून असतो आणि तोच अक्षर म्हणून वाचला जातो. फॉरमॅटमध्ये टक्क्याच्या चिन्हाआधी एक मोकळी जागा सोडली की झालं.

वीज गेली किंवा पंधरातले चार संगणक रुसले, तर त्या दिवशी कागदाचा खेळ करा. न्यूझीलंडमध्ये डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ साली मांडलेली ही पद्धत आहे. चालणारा प्रोग्राम घ्यायचा, त्याच्या ओळी सुट्या करायच्या आणि मुलांनी त्या क्रमानं लावायच्या. झेरॉक्स काढा, कात्रीनं ओळी कापा, प्रत्येक जोडीला एक पाकीट द्या. त्यात एक-दोन चुकीच्या ओळी मुद्दाम मिसळा, एकाच बरोबर-चिन्हाची ती अट तर हमखास. कोऱ्या कागदाला घाबरणारी मुलं इथे बोलायला लागतात, कारण लिहायचं काही नसतं, फक्त ठरवायचं असतं. 'बेरीज छापायची ओळ कंसाच्या आत की बाहेर' यावर दोघांची जुंपली की समजा तास सार्थकी लागला.

ग्राफिक्सच्या वाटेला सध्या जाऊ नका. मुलं मागतीलच, मॅडम, फ्री फायरसारखं काहीतरी करू. त्यांना दुखवू नका, पण ठाम राहा. सी मध्ये ग्राफिक्स घेतलं की चित्र स्क्रीनवर आणण्यातच सेमिस्टर संपतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला पायथॉन ही भाषा असेल तर तिच्यात खेळ लिहायला पायगेम झीरो चांगलं आहे. त्यात ड्रॉ आणि अपडेट ही दोन फंक्शन लिहिली की चित्र हलायला लागतं. आत्ता काळ्या पडद्यावरची अक्षरं पुरेशी आहेत. लेखी परीक्षाही अक्षरांचीच आहे.

आता मागे बसलेल्या मुलींबद्दल. पत्रात तुम्ही हे एका वाक्यात उरकलं आहे, मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस आणि अ‍ॅलन फिशर यांनी १९९० च्या दशकात संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनींशी वर्षानुवर्षं बोलून अभ्यास केला. त्यातून पुढे आलेली एक गोष्ट अशी की अनेक मुलींना नुसतं यंत्र खुणावत नव्हतं, ते कशाच्या उपयोगी पडतं हे खुणावत होतं. लहानपणापासून संगणकाशी खेळलेली मुलं पुढे दिसत आणि मुलींना वाटे, हे आपल्याला जमणारं नाही. तुमच्या लॅबमध्येही मोबाइल गेममध्ये मुरलेली चार मुलं पहिल्या दिवशीच दहाव्या लेव्हलला पोचली असणार, आणि बाकीच्यांनी तेव्हाच मनातून हार मानली असणार. सापशिडीत असा आधीचा पुढारलेपणा कुणाकडेच नाही, हा तिचा मोठा गुण. तरीही ज्यांना खेळ नको त्यांना दुसरं काही घेऊ द्या. काटोलकडच्या मुलीला म्हणा, कळमन्याच्या बाजारातल्या अडत्याची हिशेबपट्टी कर. इतक्या संत्र्यांच्या पेट्या, हा भाव, इतकी हमाली, इतकी तोलाई, हातात किती? घरी आलेली पट्टी तिनं पाहिलेली असते, म्हणजे बरोबर उत्तर काय ते तिलाही आधीच ठाऊक असतं. लूप तेच, अ‍ॅरेही तोच.

आणि कीबोर्ड कुणाच्या हातात आहे त्याकडे डोळा ठेवा. दोघांत एक संगणक असला की एक टाइप करतो आणि दुसरी बघत बसते, हे सगळीकडे होतं. पंधरा मिनिटांनी टाळी वाजवा आणि जागा बदलायला लावा, अगदी वाक्य अर्धवट असलं तरी. जो टाइप करत नाही त्यानं पुढची ओळ सांगायची, कीबोर्डला हात लावायचा नाही. आठवडाभर कुरकुर होईल, मग अंगवळणी पडेल.

एचओडी सरांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. सिलॅबस संपवणं ही तुमचीही जबाबदारी आहे आणि मुलांना शेवटी पेपर लिहायचाच आहे. त्यांच्याकडे जाताना प्रॅक्टिकलची यादी घेऊन जा आणि दाखवा की व्हाइल लूप, अ‍ॅरे, फंक्शन ही नावं तीच आहेत, तास तेवढेच आहेत, फक्त उदाहरण बदललं आहे. दर आठवड्याला दहा मिनिटांची कागदावरची चाचणी घ्याल असं स्वतःहून कबूल करा. त्यात खेळातला एक प्रश्न आणि त्याच्याच जातीचा, खेळाबाहेरचा एक. त्या पेपरांची थप्पी महिन्याभरानं त्यांच्यापुढे ठेवा. पालकांना तर मुलाची फाईलच दाखवा. घरी मोबाइलवर तो दुसऱ्याचा खेळ खेळतो, इथे स्वतःचा लिहितो, हे फाईलमधला फाशांचा तक्ता पाहिला की त्यांना कळेल. ज्यांना येणं जमत नाही त्यांच्या घरी सापशिडीचा पट आणि ती फाईल मुलाबरोबर पाठवा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण हे होणारच म्हणून सांगते. सापशिडीचा प्रोग्राम इंटरनेटवर तयार मिळतो, चॅटबॉट तर मिनिटभरात लिहून देतो. त्यावर उपाय सापशिडीतच आहे. प्रत्येक घरचे नियम वेगळे असतात. कुणाकडे एक पडल्याशिवाय सोंगटी बाहेर निघत नाही, कुणाकडे सहा पडले की पुन्हा फासा, कुणाकडे तीनदा सहा आले की सगळं रद्द. ९८ वर असताना पाच पडले तर जागेवर थांबायचं की मागे फिरायचं, यावर तर प्रत्येक गल्लीचं वेगळं मत. प्रत्येक जोडीला आपल्या घरचे नियम आधी मराठीत, वहीत, पेननं लिहायला लावा आणि मग त्याच नियमांचा प्रोग्राम मागा. व्हायवाला शेजारच्या जोडीचा एक नियम द्या आणि म्हणा, हा बसवून दाखव. दुसरीकडून आणलेला प्रोग्राम ज्याला समजलेला नाही तो इथे अडकतो. आणि आणलेला असूनही ज्यानं समजून घेतला, त्याला मी गुण देईन.

भाच्यासाठी स्क्रॅच. एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या मिचेल रेझ्निक यांच्या गटानं ते २००७ साली सर्वांसाठी खुलं केलं. फुकट आहे आणि संगणकावर उतरवून घेतलं की इंटरनेटशिवायही चालतं. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी बाहेर पडता येत नाहीच, तेव्हा रोज तासभर बसू दे. वरून पडणारी संत्री टोपलीत झेलायचा खेळ त्याला करू द्या. स्क्रॅचच्या मंचाचा मधला बिंदू शून्य असतो, डावीकडे उणे २४० आणि उजवीकडे २४०. उणे संख्या शाळेत त्याला शिकवतच असतील, इथे त्यांचा उपयोग होईल. तुम्ही शेजारी बसा, पण माउस हातात घेऊ नका. संत्री जमिनीतून आरपार गेली तरी सांगू नका.

आणि तुमच्या वर्गासाठी शेवटचं. तीन आठवड्यांनी, न सांगता, तोच प्रश्न पुन्हा द्या: १ ते १० ची बेरीज. सोबत दुसरा द्या: १ ते २० मधल्या सम संख्यांची बेरीज. गुण देऊ नका. पेपरात एवढंच बघा की बेरीज शून्यापासून सुरू केली का, ती लूपच्या आत वाढते का, आणि छापली ती लूप संपल्यावर का. प्रत्येक मुलाच्या नावापुढे या तिन्हींपैकी कुठे अडलं तेवढं लिहा आणि तो कागद मला पाठवा. सगळे एकाच जागी अडले असतील तर तिथलं वर्गात पुन्हा घ्यावं लागेल. वेगवेगळ्या जागी अडले असतील तर जोड्या बदला, पहिल्या जागी अडलेल्याला तिसऱ्या जागी अडलेल्याशेजारी बसवा.